एक जानेवारी ते गुढीपाडवा : अरवलीच्या वाटांवरील सायकलस्वारांचा सराव



हीरक महोत्सव हा मागे वळून पाहण्याचा सोहळा असतो. साठ वर्षांचे स्मरण, कृतज्ञता आणि अभिमान यांना या व्यासपीठावर पहिले स्थान आहे आणि ते तसेच असावे. परंतु ज्या शाळेने साठ वर्षे मुले घडवली, तिने पुढील पिढीच्या बुद्धीइतकाच तिच्या शरीराचा आणि श्वासाचाही विचार केला पाहिजे. म्हणून आजचा विषय नेहमीच्या विषयांहून थोडा वेगळा आहे. राजधानीच्या दक्षिणेस, अरवलीच्या खडकाळ पाऊलवाटांवर काही सायकलस्वार हिवाळ्याच्या अखेरीस सरावाला उतरतात. एक जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत, म्हणजे एका नववर्षापासून दुसऱ्या नववर्षापर्यंत, साधारण बारा आठवड्यांचा काळ त्यांच्या हाती असतो. या बारा आठवड्यांत त्यांची प्रगती कशी होते, ती कशी मोजावी आणि आपल्या मुलांच्या संदर्भात पालकांनी त्यातून काय घ्यावे, एवढाच प्रश्न येथे मांडावयाचा आहे.

प्रथम या खेळाविषयी थोडेसे. माउंटन बायकिंग म्हणजे डांबरी रस्ता सोडून माती, खडक, मुळे आणि ओढे यांतून सायकल चालवणे. हा खेळ वयाने तसा लहान आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मरीन परगण्यातील माउंट टॅमल्पायस या डोंगराच्या परिसरात काही तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन मातीच्या उतारावरून खाली येऊ लागले. त्या सायकलींना पेडल उलटे दाबून लागणारा ब्रेक असे. लांबलचक उतारावर तो इतका तापे की चाकाच्या तुंब्यातील सगळे ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. १९७६ मध्ये तेथे सुरू झालेल्या शर्यतीला म्हणूनच ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’, असे नाव पडले. पुढल्याच वर्षी जो ब्रीझ या तरुणाने खास अशा वाटांसाठी सांगाडा तयार केला. त्यानंतर वीस वर्षांच्या आत, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये, या खेळाला स्थान मिळाले.

आपल्या देशात हिमाचल प्रदेशात २००५ पासून ‘एमटीबी हिमालया’ ही अनेक दिवस चालणारी शर्यत होऊ लागली. ऑक्टोबर २०२३ मध्ये केरळमधील पोनमुडी येथे आशियाई माउंटन बाइक अजिंक्यपद स्पर्धा झाली. महाराष्ट्रालाही हा खेळ परका नाही. संगमनेरसारख्या तालुक्याच्या गावातून आलेल्या प्रणिता सोमण हिने या खेळात राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आहे. ज्यांचे बालपण मुंबई किंवा पुण्यात गेले, त्यांना मुंबई-पुणे सायकल शर्यत आणि बोरघाट सर्वांत आधी पार करणाऱ्यास मिळणारा ‘घाटाचा राजा’ हा किताब आठवत असेल. घाट चढणाऱ्या सायकलस्वाराविषयीचा आदर मराठी मनात जुनाच आहे.

दिल्लीत मात्र घाट नाही. अरवली ही जगातील अतिप्राचीन पर्वतरांगांपैकी एक. कोट्यवधी वर्षांच्या झिजेने ती इतकी खाली आली आहे की दिल्लीजवळ तिला पर्वत म्हणताना संकोच वाटावा. शहराचे मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे २१५ मीटर उंचीवर आहे आणि शेजारचा खडकाळ कणा जेमतेम ३०० मीटरच्या आसपास पोहोचतो. सिमला सुमारे २२०० मीटरवर वसले आहे. मग सिमल्याच्या डोंगरात शर्यत करू पाहणाऱ्या दिल्लीकराने तयारी करावी कोठे?

उत्तर साधे आहे, पण सोपे नाही. गुरुग्राम-फरीदाबाद रस्त्याच्या दोन्ही अंगांना, ग्वाल पहाडी आणि मांगर या गावांच्या परिसरात, गारगोटीसारख्या कठीण दगडाच्या टेकड्या आहेत. तेथील एखादा चढ पन्नास मीटर उंचीचा असतो. तो एकदा चढून काहीच साधत नाही. तो वीस वेळा चढला तर एक हजार मीटरची चढाई होते. हिमालयातील स्वाराला जो चढ निसर्गाने एकसलग दिला, तो दिल्लीच्या स्वाराला तुकड्यातुकड्यांनी जमवावा लागतो. प्रत्येक वेळी खाली येऊन पुन्हा त्याच दगडांशी, त्याच वळणाशी आणि त्याच दमलेल्या पायांशी गाठ पडते. दिल्लीतील सरावाचा स्वभाव या पुनरावृत्तीने घडला आहे. पाढे, शुद्धलेखन आणि हस्ताक्षर यांवर वाढलेल्या पिढीला तिचे मोल निराळे सांगावयास नको.

या भूमीची ओळखही स्वारांना करून घ्यावी लागते. येथील मूळ वृक्ष धौ, खैर, पळस. ब्रिटिश काळात लावलेल्या विलायती कीकराने मात्र बराच भाग व्यापला. त्याच्या काट्यांमुळे येथे पंक्चर ही रोजची गोष्ट आहे. म्हणून अनेक स्वार ट्यूब काढून टाकतात आणि टायरमध्ये भोक आपोआप बुजवणारा द्रव भरतात. कित्येक ठिकाणी दगडाच्या आणि लाल मुरमाच्या जुन्या खाणींचे खड्डे दिसतात. एके काळी येथे डोंगर अक्षरशः पोखरला गेला. पुढे न्यायालयाच्या आदेशांनी खाणी थांबल्या. गुरुग्राममध्ये अशाच खाणींच्या जमिनीवर मूळची झाडे लावून अरवली जैवविविधता उद्यान उभे राहिले आहे. मांगर गावाजवळची मांगर बनी ही देवराई तर गावकऱ्यांनी गुदरिया दास बाबांच्या श्रद्धेपोटी पिढ्यान्‌पिढ्या राखली. तेथे फांदी तोडणेही निषिद्ध मानतात. ज्या वाटेवर सराव करावयाचा, ती कोणी तरी राखली म्हणून शिल्लक आहे, एवढे भान प्रत्येक स्वाराने ठेवलेच पाहिजे. देवराईत चाके न्यावयाची नसतात. असोला-भट्टी अभयारण्यात वन खात्याचे नियम पाळावयाचे असतात. तेथे बिबट्याचा वावर नोंदला गेला आहे आणि ते त्याचे घर आहे.

आता दिल्लीच्या वर्षाकडे पाहू. ऑक्टोबरअखेरपासून हवा दूषित होऊ लागते आणि डिसेंबर-जानेवारीत धुके व धूर यांचा पडदा उतरतो. एप्रिलपासून ऊन चढते, मे-जूनमध्ये पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. जुलै ते सप्टेंबर पावसाळा असतो, तेव्हा मातीच्या वाटा निसरड्या होतात आणि झुडपे माजतात. उरतो तो प्रामुख्याने फेब्रुवारी आणि मार्च. शेवरी लाल फुलते, मागोमाग पळस पेटतो, हवा कोरडी आणि सुखद असते. नेमक्या याच काळात शालान्त परीक्षा येतात. दिल्लीतील मुलांच्या खेळाचा खरा पेच येथे आहे. ज्या दोन महिन्यांत निसर्ग दार उघडतो, त्याच दोन महिन्यांत घरातून दार लावले जाते. ‘परीक्षा संपू दे, मग खेळ’ असे म्हटले जाते, आणि परीक्षा संपते तेव्हा बाहेर लू वाहू लागलेली असते.

म्हणून वर्षारंभीच्या बारा आठवड्यांचा विचार नीट करावयास हवा. तो तीन टप्प्यांत करता येतो.

पहिला टप्पा जानेवारीचा. या महिन्यातील सर्वांत मोठे शिक्षण म्हणजे सायकल केव्हा बाहेर काढू नये हे कळणे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या हवा गुणवत्ता निर्देशांकात २०० च्या पुढे ‘वाईट’, ३०० च्या पुढे ‘अतिशय वाईट’ आणि ४०० च्या पुढे ‘गंभीर’ अशा पायऱ्या आहेत. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. चढावर जोराने पेडल मारताना हेच प्रमाण ६० ते १०० लिटरवर जाते. म्हणजे घरात बसलेल्याच्या फुप्फुसात जेवढे विष जाते, त्याच्या दहापट स्वार स्वतःहून ओढून घेतो. अशा दिवशी केलेल्या सरावाला निष्ठा म्हणणे म्हणजे शब्दाचा गैरवापर होय.

येथे आपल्या एका जुन्या संस्कारालाही मुरड घालावी लागते. पहाटे उठून व्यायाम करावा, असे आपण मुलांना शिकवत आलो. महाराष्ट्रातील स्वच्छ हवेत ते योग्यच होते. दिल्लीच्या जानेवारीत मात्र पहाटेची हवाच बहुधा सर्वांत वाईट असते. रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि जड होऊन खाली साचते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते आणि सगळा धूर त्याखाली कोंडला जातो. ऊन चढल्यावर जमीन तापते, हवा वर उठते, झाकण मोडते. म्हणून या महिन्यात दुपारी दोन ते चार ही वेळ सहसा अधिक बरी. निर्देशांक पाहून, ऊन पडल्यावर, तास-पाऊण तास सावकाश सायकल चालवावी. ज्या दिवशी तेही शक्य नसेल, त्या दिवशी घरात सूर्यनमस्कार, बैठका, दोरीवरच्या उड्या आणि पाठ-पोटाचे व्यायाम करावेत. खिशात संक्रांतीचा तिळगूळ असावा. लांबच्या फेरीत त्याहून सोयीचा खाऊ मिळणे कठीण.

दुसरा टप्पा फेब्रुवारीचा. या टप्प्यात अंतर वाढते, वेग वाढत नाही. नवख्यांना आणि त्यांच्या पालकांना सर्वाधिक अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. अनुभवी स्वार या काळात बहुतेक सराव इतका हळू करतात की शेजारच्या सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावे. वाक्य तुटू लागले, तर वेग जास्त झाला असे समजावे. बाहेरून पाहणाऱ्याला हा आळस वाटतो. शरीराच्या आत मात्र मोठे बांधकाम चाललेले असते. हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते. स्नायूंमध्ये केसासारख्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते. पेशींमध्ये ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकांची संख्या वाढते आणि साठलेली चरबी इंधन म्हणून वापरण्याची शरीराची क्षमता सुधारते. यांतील काहीही आठ दिवसांत होत नाही. आरशात ते दिसत नाही आणि गुणपत्रिकेवर येत नाही.

तिसरा टप्पा मार्चचा. आता पाया घातला गेलेला असतो, म्हणून आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, जोराचे चढ घ्यावेत. पन्नास मीटरचा तोच चढ चार वेळा, पुढच्या आठवड्यात पाच वेळा, अशी बेताची वाढ असावी. प्रत्येक टप्प्यात तीन आठवडे भार वाढवून चौथ्या आठवड्यात तो निम्म्यावर आणण्याची पद्धत जगभर रूढ आहे. तिच्यामागे एक शरीरशास्त्रीय सत्य आहे. सरावाने शरीर थकते आणि बळकट होते ते विश्रांतीत. जो विश्रांती टाळतो, तो नांगरणीवर नांगरणी करतो आणि पेरणीला वेळच देत नाही. वाढत्या वयाच्या मुलांना तर झोप कमी पडूच देऊ नये. जड गिअरवर जोर लावण्याचा मोहही त्यांनी टाळावा, कारण त्यात गुडघ्यांवर विनाकारण ताण येतो. हलका गिअर आणि झपझप फिरणारे पाय हीच या वयातील योग्य रीत.

ताकदीबरोबर कौशल्यही वाढावे लागते, आणि तेही सावकाशच वाढते. खडकाळ उतारावर दोन्ही पेडल जमिनीला समांतर ठेवून सीटवरून उठावे, कोपर आणि गुडघे किंचित वाकवावेत, अंगभार थोडा मागे न्यावा. ब्रेक वळणावर दाबू नये, वळणाआधी दाबावा. पुढचा ब्रेक अधिक परिणामकारक असतो, म्हणून तो हळुवार वापरावा. टायरमध्ये रस्त्यावरच्या सायकलीपेक्षा बरीच कमी हवा ठेवावी, म्हणजे रबर दगडाला धरून राहते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नजर. समोरच्या धोंड्याकडे टक लावून पाहणारा स्वार नेमका त्याच धोंड्यावर जाऊन आदळतो. नजर धोंड्याशेजारच्या मोकळ्या वाटेवर ठेवली, की हात आणि चाक आपोआप तिकडे वळतात. हे सारे शाळेच्या मैदानावर, चार विटा आणि एक फळी मांडूनही शिकता येते. चालण्याच्या वेगापेक्षाही हळू, पाय न टेकता, दहा पावले सायकल नेणे हा प्रारंभीचा उत्तम धडा आहे.

मग प्रगती मोजावी कशी? सध्या मनगटावरची घड्याळे आणि मोबाइल प्रत्येक फेरीचे किलोमीटर, वेग आणि क्रमांक दाखवतात. त्यांचा उपयोग आहे, परंतु त्यांत एक सापळाही आहे. दर आठवड्याला आकडा वाढलाच पाहिजे असे मुलाला वाटू लागले, की तो सावकाश चालवण्याच्या दिवशीही जोर लावतो आणि विश्रांतीच्या दिवशी अपराधी होतो. त्याहून साधी तीन मापे पुरेशी आहेत. पहिले, सकाळी अंथरुणातच मोजलेली नाडी. नियमित सरावाने ती महिन्यागणिक थोडी उतरते. एखाद्या सकाळी ती एकदम वाढलेली दिसली, तर शरीर थकले आहे किंवा आजार येत आहे असे समजून त्या दिवशी थांबावे. दुसरे, दर चार आठवड्यांनी, विश्रांतीनंतर, तोच चढ त्याच वेळात चढणे. समजा, जानेवारीअखेर सहा मिनिटांच्या चढाला नाडी मिनिटाला १७० पर्यंत गेली आणि मार्चअखेर तेवढ्याच वेळात ती १६० वर राहिली, तर वेग तसूभरही न वाढता प्रगती झाली. तेच काम शरीराने कमी कष्टात केले. तिसरे माप म्हणजे वही. आज किती वेळ, हवा कशी, झोप किती, पाय कसे, मन कसे, एवढ्या पाच ओळी रोज लिहाव्यात. त्या वहीत ‘आज निर्देशांक ३४०, बाहेर गेलो नाही’ ही नोंदही प्रगतीचीच मानावी.

दीर्घ तयारीचे फळ पाहावयाचे असेल तर त्यासाठी दिल्लीबाहेर जाण्याचे कारण नाही. यमुनेकाठच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलात २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधलेली २५० मीटरची लाकडी धावपट्टी आहे. तेथील सायकलिंग डोंगरातले नाही. त्या सायकलीला ब्रेक नसतो आणि शर्यत कित्येकदा मिनिटाभरात संपते. तरीही सरावाचे तत्त्व तेच. अंदमान-निकोबारहून आलेला एसो अल्बेन हा मुलगा तेथे घडला. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधील एग्ल येथे जागतिक कनिष्ठ गट स्पर्धेत त्याने केइरिन प्रकारात रौप्यपदक मिळवले. २०१९ मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्ट आन डेर ओडर येथे भारताच्या कनिष्ठ संघाने सांघिक स्प्रिंटमध्ये सुवर्णपदक पटकावले. त्या संघात तो होता. घरापासून दूर येऊन, २५० मीटरच्या त्याच वर्तुळात घातलेल्या फेऱ्यांची गणती वृत्तपत्रांत आली नाही. वृत्तपत्रांत आले ते शेवटचे काही सेकंद.

आता पालकांशी थोडे मोकळेपणाने बोलणे आवश्यक आहे. दहावी-बारावीच्या वर्षी खेळ पूर्ण बंद करण्याची रीत आपल्या घरांत इतकी रुळली आहे की तिच्याविषयी कोणी प्रश्नही विचारत नाही. पालकांची भीती खोटी नाही. गुणांवर पुढचे प्रवेश अवलंबून असतात, दिल्लीसारख्या शहरात स्पर्धा तीव्र आहे, आणि दूरच्या राज्यातून येथे येऊन संसार उभा केलेल्या कुटुंबाला मुलांच्या शिक्षणापलीकडे दुसरा आधार नसतो. या भीतीचा उपहास करणे अन्यायाचे होईल. परंतु शरीराचा एक नियम या ठिकाणी पालकांच्या उपयोगी पडणारा आहे. दमसास मिळवण्यासाठी जेवढा सराव लागतो, त्याहून पुष्कळ कमी सराव तो टिकवण्यासाठी पुरतो. सर्वस्वी थांबलेल्या मुलाची कमाई काही आठवड्यांतच ओसरू लागते. आठवड्यातून दोनतीन वेळा, पाऊण तास सायकल चालवणारा विद्यार्थी ती बहुतांशी राखू शकतो. म्हणजे आठवड्याच्या १६८ तासांतून सव्वादोन तासांचाच प्रश्न आहे. त्या सव्वादोन तासांनी गणिताचा पेपर बिघडत नाही. उलट दिवसभर खुर्चीत आखडलेली पाठ सरळ होते आणि रात्री झोप लागते.

दुसरे मागणे अपेक्षांविषयी. मूल सायकलीवरून घरी आले, की पहिला प्रश्न ‘किती किलोमीटर?’ असा असतो आणि दुसरा ‘कितवा आलास?’ किंवा ‘कितवी आलीस?’ असा. जानेवारी-फेब्रुवारीतील सरावाला या दोन्ही प्रश्नांचे उत्तर नसते. त्याऐवजी ‘श्वास कसा होता?’, ‘ते वळण जमले का?’, ‘उद्या विश्रांती आहे ना?’ असे विचारून पाहावे. पेरलेले बी उगवले की नाही हे पाहण्यासाठी कोणी रोज माती उकरत नाही.

तिसरे मागणे मुलींविषयी. वाट निर्जन असते, म्हणून मुलींना घरी ठेवणे हा सोपा मार्ग झाला. योग्य मार्ग म्हणजे वाट निर्जन राहू नये याची तजवीज करणे. चार-सहा मुलामुलींचा गट, सोबत दोन मोठी माणसे, ठरलेली वाट आणि परतण्याची ठरलेली वेळ, असा नियम सर्वांसाठीच असावा. हेल्मेटशिवाय सायकलीवर बसू नये, मग फेरी अंगणातली का असेना. पाणी, पंप, पंक्चर काढण्याचे साहित्य आणि प्रथमोपचाराची छोटी पिशवी सोबत असावी. महागड्या सायकलीचीही आवश्यकता नाही. ब्रेक नीट लागणारी, उंचीला योग्य आणि मजबूत टायरांची साधी गिअरची सायकल पहिल्या दोन वर्षांना पुरते. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या गच्चीवर किंवा जिन्याखाली अशा सायकली धूळ खात असतील, त्यांनी त्या दुरुस्त करून मुलांच्या हाती द्याव्यात. वास्तूला देणगी देणारे हात अनेक असतात. दर रविवारी दुपारी दोन तास मुलांसोबत येणारे सोबती दुर्मीळ असतात, आणि शाळेला त्यांची अधिक गरज आहे.

शेवटी या विषयाचा हीरक महोत्सवाशी असलेला संबंध. दिल्लीत मराठी माध्यमाची शाळा चालवणे हेही सपाट मैदानात चढ शोधण्यासारखेच काम आहे. भोवती मराठीचा प्रदेश नाही, दुकानाच्या पाट्यांवर मराठी नाही, खेळगड्यांच्या तोंडी मराठी नाही. येथे भाषा टिकली ती रोजच्या तासाने, रोजच्या वाचनाने, त्याच बाराखडीच्या पुन्हा पुन्हा केलेल्या घोटणीने. पन्नास मीटरचा चढ वीस वेळा चढावा, तशी ही साठ वर्षे झाली आहेत. त्यातील बहुतेक दिवस कोणाच्या लक्षात राहावेत असे नव्हते, आणि तरी आजचा दिवस त्या दिवसांनीच आणला.

गुढीपाडव्याला घराघरांत गुढी उभी राहील, तोवर बारा आठवडे संपलेले असतील. एखाद्या मुलाच्या वहीत तेव्हा पदकाची नोंद नसेल, वेगाचा विक्रम नसेल. सकाळची नाडी चार ठोक्यांनी उतरलेली असेल, एक अवघड वळण पाय न टेकता जमलेले असेल आणि तीनचार दिवस वाईट हवेमुळे घरी थांबल्याचे लिहिलेले असेल. पालकांनी ती वही हाती घ्यावी, शेवटपर्यंत वाचावी आणि तिच्यावर शाबासकीची स्वाक्षरी करावी. त्या वर्षीच्या गुणपत्रिकेइतकीच ती जपून ठेवण्याजोगी असेल.

सर्वांना हीरक महोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा.